सेटिंगचा नग

अशा एकशेवीसच केल्या, मग कारखान्यानं साचे मोडले.
शीतल मगदुमांची एकेचाळिसावी.
डॅशबोर्डवर पितळी पट्टी आहे, तिच्यावर आकडा खोदलाय.
गाडी दाखवताना ते आधी पट्टी दाखवतात,
दार मागनं उघडतात.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं गोदाम,
गोदामाच्या पोटात काचेची खोली, खोलीला एसी,
तरी रोज सकाळी बॉनेटवर
पिवळी साय धरलेली असते.
ती पुसायला बंडू घेवारे.
हमाल त्याला पुजारी म्हणतात.

पुराच्या साली कृष्णा पेठेत शिरायच्या आदल्या रात्री
ती मिरज रोडच्या मंगल कार्यालयात गेली,
स्वतःच्या चाकांवर, चार किलोमीटर.
त्या वर्षात तेवढीच चालली.
गाद्या डोक्यावर घेतलेल्या माणसांनी
कडेला सरून तिला वाट दिली.
हे बंडूनं सांगितलं,
आणि मी नुसतं हं म्हणालो.

तेवढ्या चालण्यात गिअरच्या दांडीतला बुश गेला.
ब्राँझचा, चाळीस ग्रॅमचा.
सगळीकडं विचारून झालं, मग कुपवाडला माझ्या शेडमध्ये
रुमालात बांधून आणला, सोनाराकडं आणावा तसा.
'वीस मायक्रॉन, मुजावर. त्याच्यावर नको.'
माझं लेथ माझ्याहून दोन वर्षांनी मोठं.
मी म्हटलं, बसा.

पांढऱ्या पँटीनिशी ते ऑइलच्या डब्यावर बसले
आणि चिप्स उडत असताना बोलायला लागले:
पाचवीत होतो. भडंग बांधून दिलेला रद्दीचा कागद,
त्यावर ही. तेलानं हेडलाइट पारदर्शक झालेला,
पलीकडनं माझं बोट दिसत होतं.
कागद अजून आहे. फ्रेम केलाय.
गाडी आली त्या दिवशी शेजारी धरून बघितला.
एवढं बोलून थांबले.
मग म्हणाले, रंग जरा वेगळा निघाला.

मी मिरजेचा. आमच्या गल्लीत सतारी होतात.
एक भोपळा दुसऱ्यासारखा आजवर निघालेला नाही,
म्हणून त्याच्यावर आकडा कुणी घालत नाही.
हे मला तेव्हाच सुचलं होतं.
गिऱ्हाइकाला सांगण्यासारखं नव्हतं.

बुश झाला. त्यांनी तो उजेडात धरला,
आरपार मला बघितलं.
'ड्रॉइंग फाडा.'
फाडलं.
'एकच केला ना?'
एकच, म्हणालो.

संध्याकाळी गोदामात सुरू केली.
आवाज आधी पायांतनं आला, मग कानांतनं.
तुळयांवरची वर्षांची हळद सुटली आणि
सगळ्यांच्या खांद्यांवर सावकाश उतरली.
पाठीवर पोती घेतलेले हमाल तसेच उभे,
बंडूनं फडकं छातीशी धरलेलं,
आणि शीतलदादा,
साठीला आलेला माणूस,
गिअर टाकत होता, काढत होता,
टाकत होता, काढत होता,
गाडी जागची हलवली नाही.
मला हसू आलं नाही. खरं सांगतो, घसा दाटला.
बसलाच होता तसा तो बुश.

आता राहिलेलं.
पहिला नग सेटिंगचा असतो, तो भंगारात जातो.
हा मापात उतरला होता.
दुसऱ्यापेक्षा पाच मायक्रॉनांनी सरस, म्हटलं तर.
ड्रॉवरमध्ये ठेवलाय, ग्रीस लावून, प्लास्टिकच्या डबीत.
लोडशेडिंगला काढतो, तळहातावर तोलतो.
ह्याला बसायला जगात एकशेवीसच जागा,
आणि त्यातली एक मी स्वतः भरलेली.

परवा कोइमतूरहून फोन आला.
शहाऐंशी नंबरवाले. आवाज म्हातारा, हिंदी मोडकी.
त्यांचाही गेलाय. कुणीतरी माझं नाव सांगितलं.
आपके पास दूसरा है क्या?
किंमत तुम्ही सांगा म्हणाले.
बघतो, म्हणालो.

डबी उघडून बघतोय अजून.